वकिलात, कॉन्सुलेट आणि आपली रेसिडेन्सी: मोठा देश परक्या मुलखात आपली माणसं ठेवतो कशी?

क्षिप्रा_रामबाग (धागाकर्ती) · रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात लेकीच्या विद्यार्थी व्हिसासाठी मुंबईला जाऊन आले. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास, पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. मी तिची पिशवी आणि फोन सांभाळत बाहेर थांबले होते. तिथे माझ्यासारखे कितीतरी आईबाप होते, कुणी राजकोटचे, कुणी रायपूरचे, कुणी नागपूरचे. ओळख नाही पाळख नाही, पण सगळ्यांची नजर एकाच दाराकडे.

लेक हसतच बाहेर आली. खिडकीतल्या अधिकाऱ्याने तीन-चार प्रश्न विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. सिअ‍ॅटलला चालली आहे, दोन वर्षांसाठी.

पण तिथे उभ्या-उभ्या जो प्रश्न डोक्यात शिरला तो अजून निघालेला नाही. व्हिसाच्या खिडक्या सोडल्या तर बाकीच्या इमारतीत काय चालतं? अमेरिकेसारखा देश जगभर शेकडो ठिकाणी अशी माणसं नेमून ठेवतो. आता कुठलाही मंत्री कुठल्याही मंत्र्याला थेट फोन लावू शकतो, तरी ही माणसं कशाला लागतात? आणि आपण इंदूरचे लोक मुंबईच्याच वाट्याला का?

परत आल्यावर रेसिडेन्सी भागातून स्कूटरने जात होते. माझी आजी त्या कोठीला शेवटपर्यंत ‘रेसिडेंटसाहेबाची कोठी’ म्हणायची, आणि म्हणताना आवाज खाली घ्यायची. होळकरांच्या दरबारी बसलेला तो इंग्रजांचा रेसिडेंटसुद्धा परक्या सत्तेचा प्रतिनिधीच होता ना? मग तो आणि आजचा राजदूत यांत फरक काय?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. मी सगळं वाचणार आहे.

चाणक्यपुरी_ते_छप्पन · रविवार, रात्री १०:४०

क्षिप्राताई, लेकीचं अभिनंदन. मूळचा सुदामानगरचा. दिल्लीत चाणक्यपुरीमधल्या एका युरोपीय देशाच्या वकिलातीत २२ वर्षं स्थानिक कर्मचारी म्हणून काढली, आता निवृत्त होऊन इंदुरात परतलोय. अमेरिकन वकिलातीत नव्हतो, पण शेजार होता आणि कामाची घडी सगळीकडे साधारण सारखीच असते.

मुंबईचं आधी सांगतो. राजधानीत एक वकिलात असते, ती सरकारशी बोलते. बाकी शहरांत कॉन्सुलेट असतात आणि प्रत्येकाला राज्यं वाटून दिलेली असतात. अमेरिकेच्या मुंबई कॉन्सुलेटकडे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, छत्तीसगड आणि आपला मध्य प्रदेश आहे. म्हणजे तिथला महावाणिज्यदूत (कॉन्सुलेटचा प्रमुख) हा एका अर्थी इंदूरसाठीही नेमलेला माणूस आहे.

आता व्हिसाखेरीज काय? एक राजकीय विभाग असतो. कोणता पक्ष कुठे चाललाय, कोणतं विधेयक अडलंय, हे बघणारा. आर्थिक विभाग असतो. व्यापार बघणारे वेगळे, लष्करी अधिकारी वेगळे, संस्कृती आणि शिष्यवृत्त्यांचं बघणारे वेगळे. मोठ्या देशाची वकिलात म्हणजे नुसतं परराष्ट्र खातं नसतं, अर्धं सचिवालय तिथे येऊन बसलेलं असतं. आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. पीथमपूरच्या कारखान्यांतून औषधं अमेरिकेला जातात. तिथलं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे ज्यांची तपासणी म्हटली की कारखान्यात रात्र-रात्र दिवे जळतात, त्यांचं भारतातलं कार्यालय २००९ पासून दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत आहे. आणि सोयाबीन! त्यांच्या कृषी खात्याची माणसं दिल्लीत बसून दरवर्षी भारतातल्या तेलबियांचा अहवाल लिहितात. पेरा किती, पाऊस कसा, पेंड किती निघेल, भाव काय. माळव्यात पाऊस लांबला तर ती बातमी पार वॉशिंग्टनला पोचते, कारण त्यांच्या शेतकऱ्याचं सोयाबीन आपल्याशी बाजारात भिडतं.

माझं स्वतःचं काम सांगतो. सकाळी सातला पोचायचं, हिंदी-मराठी वर्तमानपत्रं चाळायची आणि साडेनऊच्या बैठकीआधी दोन पानांचा गोषवारा द्यायचा. इंग्रजी पेपर साहेब स्वतः वाचायचे. पण ज्या बातमीने पुढच्या आठवड्यात गोंधळ व्हायचा ती बहुतेक वेळा आधी जिल्हा आवृत्तीत आलेली असायची. साहेब दर तीन वर्षांनी बदलायचे. नवा यायचा तो हुशार असायचा, पण त्याला मंत्रालयातला कोणता अधिकारी खरंच निर्णय घेतो आणि कोणता नुसता चहा पाजतो हे माहीत नसायचं. ते आम्हाला माहीत असायचं. परदेशी वकिलातीची आठवण स्थानिक माणसांच्या डोक्यात असते, हे मी अनुभवाने सांगतो. बहुतेक ठिकाणी संख्येनेही तेच जास्त असतात.

बिनधास्त_भिया · रविवार, रात्री ११:०५

काका, सगळं बरोबर, पण खरं सांगा ना. हे सगळं माहिती काढायचं काम आहे. पेपर वाचायचा, लोकांना जेवायला बोलवायचं, पावसाची खबर धाडायची. याला आपल्याकडे हेरगिरी म्हणतात. बडे देश वकिलात उघडतात ती याच कामाला. अपन लोक व्हिसाच्या रांगेत उभे राहतो आणि आत भलतंच चालतं.

चाणक्यपुरी_ते_छप्पन · रविवार, रात्री ११:३०

भिया, शंका रास्त आहे. माहिती काढणं हे वकिलातीचं कामच आहे आणि ते लपवलेलंही नाही. १९६१ च्या व्हिएन्ना करारात वकिलातीची कामं दिली आहेत. आपल्या देशाचं प्रतिनिधित्व, आपल्या नागरिकांचं रक्षण, वाटाघाटी, मैत्री वाढवणं, आणि यजमान देशातली परिस्थिती ‘सर्व कायदेशीर मार्गांनी’ जाणून घेऊन घरी कळवणं. सगळी गोम त्या ‘कायदेशीर’ शब्दात आहे.

ती रेघ ओलांडली जाते, हेही खरं, आणि दोन्ही बाजूंनी. १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. राजदूतांच्या निवासस्थानी ती भिंतीवर लागली. आत ऐकायचं यंत्र होतं. ते १९५२ मध्ये सापडलं. सात वर्षं!

पण २२ वर्षांत मी जे पाहिलं त्यातलं बहुतेक काम उघड, कंटाळवाणं आणि गरजेचं होतं. एखाद्याचं कंटेनर बंदरात अडकलंय, एखादा पर्यटक ऋषिकेशला आजारी पडलाय, एका म्हाताऱ्या बाईचा नवरा भारतात वारला आणि तिला देह मायदेशी न्यायचाय. त्या बाईंबरोबर मी रात्रभर विमानतळाच्या मालधक्क्यावर बसलो होतो. याला हेरगिरी म्हणू नका.

जुनी_छावणी · सोमवार, सकाळी ७:५०

धागा वाचून राहवलं नाही. ३१ वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे रेसिडेंटसाहेबांचं उत्तर माझ्याकडे.

आधी शब्दाकडे बघा. इंदुरात आपण हिंदीच्या सवयीने ‘दूतावास’ म्हणतो, पण मराठीचा जुना शब्द ‘वकिलात’. तो आपल्या इतिहासातून आलाय. पेशव्यांचे वकील दरबारादरबारांत बसलेले असत. दिल्लीत हिंगणे घराणं, निजामाकडे गोविंदराव काळे. हे लोक महिन्यातून कितीतरी पत्रं पुण्याला धाडत. कोण आजारी आहे, कोणाची फौज हलली, खजिन्यात किती शिल्लक आहे, सगळं. आजचा राजदूत जी तार पाठवतो तिचं हे मोडीतलं रूप. तेव्हा भिया, परराज्यात माणूस ठेवून खबर घेणं हा गोऱ्यांचा शोध नाही. नाना फडणविसांची अर्धी ताकद त्या पत्रांत होती.

आता इंदूर. महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केल्यावर ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. त्यात होळकरांच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी राहील असं ठरलं, आणि होळकरांनी इंग्रजांच्या संमतीवाचून दुसऱ्या कुठल्याही राज्याशी वकील पाठवू नये की घेऊ नये असंही. क्षिप्राताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या कलमात आहे. राजदूत दोन्हीकडून असतो. रेसिडेंट आला तो समोरच्याचं तोंड बंद करून. पुढे १८५४ पासून इंदूर सेंट्रल इंडिया एजन्सीचं, म्हणजे मध्य भारतातल्या संस्थानांवर देखरेख करणाऱ्या इंग्रजी कारभाराचं, ठाणं झालं. रेसिडेन्सीच्या हद्दीत होळकरांचा हुकूम चालत नसे. स्वतःच्याच राजधानीच्या कडेला राजाला परका होणारा तुकडा! १ जुलै १८५७ ला सआदत खान आणि इतरांनी त्याच कोठीवर हल्ला केला आणि इंग्रजांचा तिथला प्रतिनिधी कर्नल ड्युरँड इंदूर सोडून पळाला, त्यामागे ही चीड होती.

आणि शेवट काय? बावला खून प्रकरणानंतर (मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचा खून, ज्याचा संशय इंदूर दरबारापर्यंत पोचला) तिसऱ्या तुकोजीरावांपुढे दोनच पर्याय ठेवले गेले. चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ ला त्यांनी गादी सोडली. खून गंभीरच होता, त्याबद्दल मला महाराजांची बाजू घ्यायची नाही. पण यजमानाला घर सोडायला लावू शकणारा पाहुणा म्हणजे राजदूत नव्हे. आजी आवाज खाली घ्यायच्या, त्याचं कारण हेच.

अवांतर: गादी सोडल्यावर तुकोजीरावांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केलं. त्या शर्मिष्ठादेवी होळकर झाल्या. त्यांचं मूळ गाव सिअ‍ॅटल. तुमची लेक उलट दिशेने निघाली आहे.

विधी_तिसरं_वर्ष · सोमवार, दुपारी १:२०

सर, ‘दोन्हीकडून’ हे फार नेमकं बोललात. आम्हाला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवताना पहिलं वाक्य हेच सांगतात, की राजनैतिक संबंध परस्पर संमतीने प्रस्थापित होतात.

राजदूत नेमायचा तर नाव आधी गुपचूप यजमान देशाला कळवतात. त्यांनी हो म्हटलं तरच जाहीर करतात. नाही म्हणायचं असेल तर कारण देण्याचं बंधन नाही. आलेला माणूस नकोसा झाला तर यजमान त्याला ‘अवांछित’ ठरवून परत पाठवू शकतो, तिथेही कारण लागत नाही. माणसं किती ठेवायची यावरूनही ताणाताणी होते. २०२३ मध्ये भारताने कॅनडाला संख्या बरोबरीत आणायला सांगितली आणि ४१ कॅनेडियन अधिकारी मायदेशी गेले. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने चीनला ह्यूस्टनचं कॉन्सुलेट बंद करायला लावलं, चीनने तीन दिवसांत चेंगडूचं अमेरिकन कॉन्सुलेट बंद करायचा हुकूम काढला. महासत्तासुद्धा दुसऱ्याच्या घरी यजमानाच्या मर्जीनेच राहते.

एक गैरसमज दूर करते. वकिलातीची जागा ही ‘त्यांच्या देशाची भूमी’ नसते. शांतिपथावरची अमेरिकन वकिलात भारताच्याच भूमीवर आहे. फक्त प्रमुखाच्या परवानगीशिवाय आपले पोलीस आत जाऊ शकत नाहीत आणि बाहेरून तिचं रक्षण करायची जबाबदारी आपली. इराणने हे पाळलं नाही. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानची वकिलात ताब्यात गेली आणि ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले.

क्षिप्रा_रामबाग · सोमवार, दुपारी २:०५

विधी, मग देवयानी खोब्रागडे यांना अटक कशी झाली? त्या तर आपल्या अधिकारी होत्या. तेव्हा आमच्या घरी आठवडाभर तोच विषय होता.

विधी_तिसरं_वर्ष · सोमवार, दुपारी ३:३५

कारण त्या न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमध्ये उपमहावाणिज्यदूत होत्या, वकिलातीत नाही. कॉन्सुलेटला वेगळा करार लागू होतो, १९६३ चा, आणि त्यातलं संरक्षण तोकडं आहे. सरकारी कामापुरतं. आरोप घरकामगार महिलेच्या व्हिसातल्या खोट्या माहितीचा आणि कमी पगाराचा होता, आणि ते सरकारी काम नाही, असं अमेरिकेचं म्हणणं. १२ डिसेंबर २०१३ ला अटक झाली. भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात केली, म्हणजे पूर्ण संरक्षण मिळालं, आणि जानेवारीत त्या परतल्या. मधल्या काळात दिल्लीत अमेरिकन वकिलातीबाहेरचे अडथळे हटवले गेले, त्यांच्या अधिकाऱ्यांच्या सवलती काढून घेतल्या गेल्या.

माझं मत विचाराल तर अटकेनंतरच्या अंगझडतीचा अपमान आणि त्या कामगार महिलेचा पगार, हे दोन्ही प्रश्न खरे होते. आपल्याकडे पहिल्यावरच बोललं गेलं.

त्याच १९६३ च्या करारातलं ३६ वं कलम मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावं. परदेशात अटक झालेल्या माणसाला त्याच्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवण्याचा आणि त्यांना भेटण्याचा हक्क आहे. कुलभूषण जाधव यांचा खटला याच कलमावर उभा होता. आपले हरीश साळवे हेगला १ रुपया मानधनावर लढले आणि १७ जुलै २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने हे कलम मोडल्याचा निर्णय दिला. क्षिप्राकाकू, लेकीला सिअ‍ॅटलच्या भारतीय कॉन्सुलेटचा नंबर पाठ करायला लावा. ते २०२३ च्या शेवटी सुरू झालंय.

पोटोमॅककाठी · सोमवार, रात्री ८:४५ (इथे सकाळ)

वॉशिंग्टनजवळ राहतो, आजोळ तुकोगंजचं. इकडची बाजू लिहितो.

राजदूताचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, पण सिनेटची संमती लागते, आणि तिथे नाव वर्ष-वर्ष अडकतं. भारतातलं पद जानेवारी २०२१ पासून दोन वर्षांहून जास्त रिकामं होतं. एरिक गार्सेटींना मार्च २०२३ मध्ये ५२ विरुद्ध ४२ मतांनी मंजुरी मिळाली. तोवर दिल्लीत एकामागून एक प्रभारी. मधल्या काळात युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियन तेलावरून खडाखडी झाली, आणि दिल्लीत पूर्ण अधिकाराचा राजदूत नाही! फोन होते, व्हिडिओ कॉल होते. तरीही आपल्याकडचे जाणकार विचारत होते की आम्ही यांच्या लेखी महत्त्वाचे आहोत की नाही. रिकामी खुर्चीही काहीतरी सांगत असते.

दुसरी गंमत. स्वातंत्र्यानंतर शतकभर अमेरिकेने कुठेच ‘राजदूत’ नेमला नाही. हा शब्द राजेरजवाड्यांचा म्हणून फक्त ‘मंत्री’ दर्जाचे प्रतिनिधी पाठवायचे. १८९३ मध्ये लंडनला पहिला राजदूत गेला. दर्जाचा हा हिशेब भारताच्या बाबतीतही दिसतो. १९४१ मध्ये गिरिजाशंकर बाजपेयी वॉशिंग्टनला आले ते राजदूत म्हणून नव्हे, ‘एजंट-जनरल’ म्हणून, कारण देश स्वतंत्र नव्हता. दिल्लीतलं अमेरिकन कार्यालय वकिलातीच्या दर्जाचं झालं १ नोव्हेंबर १९४६ ला, स्वातंत्र्याच्या साडेनऊ महिने आधी. इंग्रज अजून इथे होते, पण पुढचं घर कुणाचं हे अमेरिकेने ओळखलं होतं.

त्याहून जुनं म्हणजे कलकत्ता. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्ये बेंजामिन जॉय यांना कलकत्त्याचे कॉन्सल नेमलं. ते पोचले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कॉन्सल मानायला नकार दिला, साधा व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिलं. विधी म्हणते ती संमती तेव्हाही आडवी आली.

आजची स्थिती: ऑस्ट्रेलियातल्या लोवी इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेच्या २०२४ च्या मोजणीत जगभर चीनची वकिलाती-कॉन्सुलेट धरून २७४ कार्यालयं, अमेरिकेची २७१. आणि जुलै २०२५ मध्ये इथल्या परराष्ट्र खात्याने एका दिवसात १,३०० हून जास्त लोकांना नोकरीवरून कमी केलं. माझ्या शेजारच्या बाई त्यांत होत्या. तीन देशांच्या भाषा येणारी व्यक्ती खोक्यात सामान भरून घरी आली. इमारत पुन्हा बांधता येते, अशी माणसं तयार व्हायला वीस वर्षं लागतात. मला हे फार चुकीचं वाटतं.

जुनी_छावणी · सोमवार, रात्री ९:३०

पोटोमॅककाठी, १९४१ वरून आठवलं. १९४२ मध्ये यशवंतराव होळकरांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना खुलं पत्र लिहिलं होतं. भारत आणि ब्रिटन यांच्यात मध्यस्थी व्हावी अशी विनंती. ‘खुलं’ का, याचा विचार करा. होळकरांना वॉशिंग्टनमध्ये वकील ठेवायची मुभाच नव्हती. १८१८ च्या त्या कलमाने तोंड बांधलेलं होतं, म्हणून सव्वाशे वर्षांनी त्यांच्या वंशजाला जगासमोर मोठ्याने बोलावं लागलं. इंदूरच्या लोकांनी ही गोष्ट अभिमानाने सांगितली पाहिजे, पण आपल्या मुलांना ती माहीतच नाही.

लोकमान्यनगर_१९५४ · मंगळवार, सकाळी ६:१५

चि. क्षिप्रा, धागा छान चालला आहे. माझा एक अनुभव.

१९६६ साली मी बारा वर्षांचा होतो. रेशनच्या रांगेत उभं राहून लाल गहू आणायचो. त्याची पोळी चिवट व्हायची, आई कणीक दोनदा मळायची. तो अमेरिकेचा गहू, पीएल-४८० नावाच्या कायद्याखाली आलेला. आपण त्याचे पैसे रुपयांत द्यायचो आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यात साचायचे. इतके साचले की ओझं झालं. शेवटी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला. भुकेच्या काळात गहू दिला याची कृतज्ञता मनात आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी जहाजं मोजून-मापून सोडली, व्हिएतनामवर आपण बोलू नये म्हणून, ती बोचणीही आहे. दोन्ही एकाच पोळीबरोबर गिळलं.

पण त्या रुपयांतून एक काम असं झालं की मी ते कधी विसरणार नाही. १९६२ पासून अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाचं दिल्लीतलं कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागलं. त्यात मराठीही. माझी पुतणी शिकागोला शिकत होती. तिने तिथल्या ग्रंथालयात एक पातळ मराठी कवितासंग्रह पाहिला, इंदुरातच छापलेला. इथे त्याची प्रत आता कुठल्या वाचनालयात सापडत नाही. तिने पानं फोटो काढून पाठवली. मी ती मोठ्या अक्षरांत छापून घेतली आहेत. आपल्या गावची कविता कुणीतरी परदेशात जपून ठेवली, ते एका वकिलातीतल्या खरेदी-कारकुनामुळे.

बिनधास्त_भिया · मंगळवार, सकाळी ९:००

काका, ही पुस्तकांची गोष्ट माहीत नव्हती. वाचून बरं वाटलं. मी रात्रीचं बोलणं सगळं मागे घेत नाही, पण थोडं घेतो.

एक सवाल राहतो. हे लोक एवढी माहिती घरी पाठवतात, ती घरी ऐकतं कोण? मोठे देश शेवटी आपल्याच मनाचं करतात.

कान्ह_नदी · मंगळवार, सकाळी ११:४०

भिया, या प्रश्नावर मला ढाका आठवतं.

मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. तिथे अमेरिकेचं कॉन्सुलेट होतं, महावाणिज्यदूत आर्चर ब्लड. त्यांनी रोज जे दिसत होतं ते वॉशिंग्टनला कळवलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना ते ऐकायचं नव्हतं, कारण पाकिस्तानमार्फत चीनशी गुप्त बोलणी चालली होती. ६ एप्रिलला ढाक्यातल्या २० अमेरिकनांनी सह्या करून आपल्याच सरकारच्या धोरणाचा निषेध करणारी तार पाठवली आणि ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला. दिल्लीतले राजदूत कीटिंग यांनीही तसंच कळवलं. परिणाम काय? ब्लड यांना ढाक्यातून हलवलं, कारकीर्द मागे पडली. डिसेंबरमध्ये युद्ध झालं, बांगलादेश झाला, आणि कॉन्सुलेटने जे लिहिलं होतं ते खरं ठरलं.

म्हणजे मोठ्या देशाला कान असतात. ते चांगलेही असतात. डोक्याने ऐकायचं नाही असं ठरवलं तर कान काय करणार? पण कान नसते तर आज ती नोंदही नसती. त्या वीस जणांबद्दल मला मनापासून आदर आहे. पगार देणाऱ्या सरकारला ‘तुम्ही चुकताय’ असं सही करून लिहिणं सोपं नाही.

विधी_तिसरं_वर्ष · मंगळवार, दुपारी १२:३०

कान्हदादा, अंगावर काटा आला.

कान कापून टाकता येत नाहीत याचा पुरावा म्हणजे भांडण झाल्यावर देश काय करतात ते. अमेरिका आणि इराण यांचे संबंध १९८० मध्ये तुटले, तेव्हापासून तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंड बघतं आणि वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम १९९२ पासून पाकिस्तान. उत्तर कोरियात स्वीडन. तैवानला अमेरिकेने १९७९ पासून देश म्हणून मान्यता दिलेली नाही, पण तिथे ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट’ नावाची संस्था आहे, ती व्हिसासुद्धा देते. भारताचंही तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आहेच. आणि भूतान! भांडण काहीच नाही, तरी अमेरिका-भूतान औपचारिक संबंध नाहीत, सगळं दिल्लीतल्या वकिलातीमार्फत चालतं. दार बंद असलं तरी प्रत्येकजण खिडकी ठेवतो.

राजेंद्रनगर_सून · मंगळवार, दुपारी ४:१०

मग इंदुरात एखादं कॉन्सुलेट का नाही? २०२३ च्या जानेवारीत प्रवासी भारतीय संमेलन इथे झालं, गयाना आणि सुरीनामचे राष्ट्राध्यक्ष आले, इंदूरच्या कुटुंबांनी पाहुणे घरी उतरवून घेतले. आमच्या शेजाऱ्यांकडे एक जोडपं होतं, त्यांना सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली. जी-२० च्या बैठकाही झाल्या. आपण कमी कशात?

चाणक्यपुरी_ते_छप्पन · मंगळवार, सायंकाळी ६:५५

सूनबाई, कमी कशातच नाही, पण कॉन्सुलेट मानासाठी मिळत नाही, कामाच्या रेट्याने मिळतं. जागा कुठली आणि राज्यं कोणती हे यजमान देशाच्या मंजुरीने ठरतं आणि त्यात देवघेव असते. जून २०२३ मध्ये अमेरिकेने बंगळुरू आणि अहमदाबादची घोषणा केली तेव्हाच भारताचं सिअ‍ॅटल ठरलं. बंगळुरूचं उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झालं. हैदराबादचं २००८ चं. या गावांतून जाणारे विद्यार्थी, कंपन्या, विमानं बघा. आपल्याकडून अमेरिकेला अजून थेट विमान नाही. पीथमपूर आणि सुपर कॉरिडॉर वाढत राहिले तर पुढच्या पिढीत हा प्रश्न कुणीतरी गंभीरपणे विचारेल. तोवर अवंतिका आहेच.

क्षिप्रा_रामबाग · मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे किती आभार मानू. दोन दिवस घरात हाच विषय आहे. लेक आधी म्हणत होती, आई तू काय लोकांना विचारत बसतेस. आता स्वतःच वाचते आहे. ढाक्याच्या त्या वीस सह्यांपाशी बराच वेळ थांबली.

विधी, तिच्या वहीच्या पहिल्या पानावर सिअ‍ॅटलच्या कॉन्सुलेटचा पत्ता आणि नंबर लिहून दिला. खाली कलम ३६ असंही लिहिलं. काका, तुमच्या पुतणीला विचाराल का, तो कवितासंग्रह शिकागोहून सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात मागवता येतो का? लेक म्हणते ती तिथे बसून सगळा उतरवून घेईल, एकही पान न सोडता.

छावणीसर, एक विनंती. निघायच्या आधी तिला रेसिडेन्सी कोठी तुमच्याबरोबर बघायची आहे. आजीने सांगितलेली नाही, तुम्ही सांगता ती.

जुनी_छावणी · मंगळवार, रात्री १०:४५

रविवारी सकाळी साडेसातला या, उन्हाच्या आधी. फाटकाशी थांबतो. विधी, भिया, इंदुरात असाल तर तुम्हीही या.

बिनधास्त_भिया · मंगळवार, रात्री १०:५१

येतो सर. सगळ्यांसाठी पोहे माझ्याकडून.